डोक्याला मार लागलेले आणि स्किझोफ्रेनियाचे पेशंट: लक्ष आणि वेग कसा तपासायचा

न्यूरोसर्जरीच्या वॉर्डातून रेफरन्सचा कागद येतो: ‘लक्ष लागत नाही, स्लो झालाय, टेस्टिंग करावं.’ त्याच दिवशी मानसोपचार ओपीडीतून दुसरा कागद येतो आणि त्यावरही जवळपास हीच ओळ असते. पहिला पेशंट लोकलमधून पडलेला, दुसऱ्याला कित्येक वर्षांपासून आवाज ऐकू येतात. टेस्ट बहुतेक त्याच लागणार आहेत, आणि दोघांचे स्कोअरही एकसारखे येऊ शकतात. हा लेख मुंबईच्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणाला नुकतेच लागलेल्यांसाठी आहे. टेस्ट सुपरव्हायझरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आहेत, हे धरून चाला.

आधी केसपेपर

पेशंटला खुर्चीत बसवण्याआधी अख्खा केसपेपर वाचून काढा. डोक्याला मार असेल तर तीन गोष्टी शोधा: दाखल झाला तेव्हाचा ग्लासगो कोमा स्केल (शुद्ध किती होती याचे गुण), सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि अपघातानंतर किती काळाचं काहीच आठवत नाही. हा स्केल १९७४ पासून वापरात आहे. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ३ ते ८ गंभीर इजा. सीटी नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. जोरदार झटक्याने मेंदूतले लांबच लांब तंतू ताणले जातात, ती इजा साध्या सीटीवर बऱ्याचदा दिसतच नाही आणि वेग मंदावण्यामागे नेमकी तीच असते.

स्किझोफ्रेनियात आजार किती वर्षांचा आहे, शेवटचा भडका कधी उडाला आणि ईसीटी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार) अलीकडे झाली आहे का, हे बघा. गोळ्यांची यादी दोघांचीही हवी. अँटिसायकॉटिकबरोबर (भास आणि आवाज कमी करणाऱ्या गोळीबरोबर) हात थरथरू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असतं. त्याने थरथर कमी होते, पण लक्ष आणि स्मरणशक्तीवर ताण येतो. रात्रीची झोप आणणारी लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम सकाळी दहापर्यंत डोळ्यांवर असते. डोक्याच्या पेशंटला फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन सुरू असेल तर तेही हळू करतं. गोळी आपण बंद करायची नाही, डॉक्टरांना न विचारता पुढेही ढकलायची नाही. डोस आणि वेळ मात्र टेस्टच्या कागदावर नोंदवायची.

मग रेफर करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा आणि सरळ विचारा, ‘सर, यातून तुम्हाला काय ठरवायचंय?’ कामावर परत पाठवायचं की नाही, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी हवंय, मोटार अपघाताच्या दाव्यासाठी हवंय की नवी गोळी लागू पडतेय का ते बघायचंय? त्यावर टेस्टची निवड बदलते. हा फोन टाळणारे बरेच असतात, आणि मग दहा पानी रिपोर्टमध्ये नेमकं हवं तेवढंच नसतं.

आज टेस्ट घ्यायची का?

अपघातानंतर पेशंट डोळे उघडतो, बोलायला लागतो, आईला ओळखतो, तेव्हा नातेवाइकांना वाटतं की आता सगळं ठीक आहे. पण काल कोण भेटायला आलं होतं ते त्याला सांगता येत नसेल, तर तो अजून अपघातानंतरच्या विस्मृतीत आहे. या काळात वेगाची टेस्ट घेण्यात अर्थ नाही. १९७९ची गॅलव्हस्टन ओरिएंटेशन अँड ॲम्नेशिया टेस्ट ही छोटी प्रश्नावली १०० गुणांची आहे. स्कोअर ७५च्या वर जाऊन तिथे टिकेपर्यंत थांबा. तोवर खाटेजवळ वार उलटे म्हणायला सांगणं, महिने मागून म्हणवून घेणं एवढं पुरे. महिने जानेवारी-फेब्रुवारी की चैत्र-वैशाख, ते त्यालाच निवडू द्या.

स्किझोफ्रेनियाचा पेशंट उठून खिडकीशी जात असेल, मध्येच कुणाशी बोलत असेल, तर आज फक्त ओळख करून घ्या. आवाज पूर्ण थांबण्याची वाट बघत बसू नका, काहींचे कधीच थांबत नाहीत. तो दहा-पंधरा मिनिटं एका कामावर बसू शकतोय, एवढी स्थिरता चालते.

आता मुंबईपुरतं. कर्जत किंवा पालघरहून आलेला माणूस पहाटेची गाडी पकडून, केसपेपरच्या रांगेत तासभर उभा राहून तुमच्यापर्यंत पोचतो. पोटात काही नसतं. अशा माणसाचा वेग मोजला तर तुम्ही रेल्वेचा आणि रांगेचा परिणाम मोजाल. ‘काही खाल्लंत का?’ हा पहिला प्रश्न. चहा-बिस्किटं होऊ द्या. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असेल तर शेवटची कधी घेतली तेही विचारा. सवयीच्या माणसाला निकोटीन मिळालं नाही की लक्ष भरकटतं, आणि स्किझोफ्रेनियाच्या पेशंटमध्ये धूम्रपानाचं प्रमाण बरंच जास्त असतं.

टेबल, पंखा, घड्याळ

खोली शांत असावी, असं पुस्तकात असतं. आपल्याकडे बाहेर नंबर पुकारणं, स्ट्रेचरची चाकं, खाली बसचे हॉर्न चालूच असतात. आवाज शून्य करता येत नाही, निदान अचानक होणारा तरी टाळा. दाराला ‘टेस्ट चालू आहे’ अशी पाटी लावा, आणि वॉर्डातल्या मावशींना, मामांना आधीच सांगून ठेवा. पेशंटला दाराकडे पाठ करून बसवा. पंख्याखाली कागद फडफडतो आणि एक हात तो धरण्यात जातो, म्हणून क्लिपबोर्ड हवाच. फोनवर वेळ लावणार असाल तर फ्लाइट मोडवर टाका. ऐन टेस्टमध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीचा कॉल आला की स्टॉपवॉच स्क्रीनवरून नाहीसं होतं. साधं हातातलं स्टॉपवॉच केव्हाही बरं.

टेस्टचे कागद मूळ छापील वापरा. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर वर्तुळं फिकी पडतात, चिन्हांचे कोपरे बुजतात, आणि रंगांच्या टेस्टमध्ये तर गुलाबी-पिवळं ओळखायचं कसं? असा कागद कॉपीराइट तर मोडतोच, वर नॉर्म्सही (निरोगी लोकांच्या स्कोअरचे तुलनेचे तक्ते) निरुपयोगी करतो.

नातेवाईक बाहेर. हे प्रेमाने पण ठामपणे सांगा. आई शेजारी बसली की तिचे ओठ हलतात, बोट पुढे येतं. दुभाष्याची गरज पडली तर घरातला माणूस नको, विभागातलं कुणीतरी घ्या.

आधी हात, डोळे आणि शाळा

वेगाच्या बहुतेक टेस्ट हाताने लिहून आणि डोळ्यांनी शोधून होतात. मनगट प्लास्टरमध्ये असेल, गोळ्यांनी बोटं कडक झाली असतील, चष्मा अपघातात फुटला असेल, तर सेकंद वाढतात आणि आपण मेंदूला दोष देतो. म्हणून आधी:

– चष्मा आहे का आणि तो आत्ता डोळ्यांवर आहे का, बघा. एक डोळा झाकून जवळचं वाचून घ्या. डोक्याला मार लागल्यावर दुहेरी दिसू शकतं, आणि विचारल्याशिवाय पेशंट ते सांगत नाही.
– रंग ओळखता येतात का, याची खात्री करून घ्या.
– बोटं टेकवण्याची म्हणजे फिंगर टॅपिंगची टेस्ट दोन्ही हातांनी घ्या. फक्त हाताचा वेग किती, हे त्यातून कळतं. नंतरचा प्रत्येक आकडा याच्या शेजारी ठेवून वाचायचा.
– शाळा किती झाली, कोणत्या माध्यमातून, आणि त्यानंतर लिहायचं काम किती पडलं? दहावी पास होऊन पुढची कित्येक वर्षं हातगाडी ओढलेल्या माणसाच्या हातात पेन जड असतं.

आकड्यांची गोष्ट जरा बारकाईने बघू, कारण आपल्याकडे इथेच फसगत होते. बहुतेक टेस्ट इंग्रजी अंकांत छापलेल्या असतात. मराठी शाळेत चार-पाच इयत्ता झालेल्या मावशींची नजर देवनागरी अंकांवर बसलेली असते. इंग्रजी नऊ त्यांना पटकन एकासारखा दिसतो, इंग्रजी आठ चारासारखा. त्या वाचतात बरोबर, पण प्रत्येक अंकापाशी क्षणभर थांबून. शंभर अंकांच्या कागदावर असे क्षण साचले की मोठी ‘घट’ दिसते. सुरुवातीलाच कोऱ्या कागदावर इंग्रजी एक ते पंचवीस उलटसुलट लिहून वाचायला द्या. अडखळल्या तर तोंडी टेस्टकडे वळा आणि कारण रिपोर्टमध्ये लिहा.

ट्रेल मेकिंगच्या दुसऱ्या भागाचंही तेच. त्यात आकडा-अक्षर, आकडा-अक्षर असं जोडत जायचं असतं: एकनंतर इंग्रजी ए, मग दोन, मग बी. इंग्रजी अक्षरांचा क्रम आला नाही म्हणून काही जण आपल्या मनाने क-ख-ग घालून देतात. करून बघा: क, ख, ग, घ इथपर्यंत गाडी सुसाट, आणि ‘ङ’पाशी चांगला शिकलेला माणूसही थबकतो. वर्णमालेचा क्रम आपण एबीसीडीइतका घोटलेला नसतो, शिवाय या घरगुती रूपाला नॉर्म्स नाहीत. कमी शिकलेल्यांसाठी कलर ट्रेल्स आहे ना, ती घ्या. तिच्या पहिल्या भागात एक ते पंचवीस जोडायचे, दुसऱ्यात प्रत्येक आकड्याला गुलाबी-पिवळा रंग आलटून पालटून. अक्षरांचा संबंधच नाही.

कोणत्या टेस्ट, कोणत्या क्रमाने

बंगळुरूच्या निम्हान्सची २००४ सालची न्यूरोसायकॉलॉजी बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच, आपल्याकडे सर्वांत सोयीची, कारण तिचे नॉर्म्स भारतीय आहेत आणि वय, लिंग, शिक्षण असे वेगवेगळे दिलेले आहेत, निरक्षरांसकट. तिच्यात हाताच्या वेगाला फिंगर टॅपिंग, मानसिक वेगाला डिजिट सिम्बॉल, फोकस धरण्याला कलर ट्रेल्स, टिकून राहणाऱ्या लक्षाला डिजिट व्हिजिलन्स (पानभर अंकांतून ठरावीक अंक खोडत जायचे) आणि एकाच वेळी दोन कामांना ट्रायड्स टेस्ट आहे. स्किझोफ्रेनियासाठी संशोधनात मॅट्रिक्स बॅटरी वापरतात. तिने सात क्षेत्रं धरली आहेत आणि त्यांत वेग व लक्ष ही दोन वेगळी खाती आहेत. हा फरक तुम्हीही पाळा. ‘अटेन्शन कमी’ हे लेबल लावून मोकळं होण्याआधी, वेग बाजूला काढला तर खरंच लक्ष कमी उरतं का, ते विचारा. १९९२ साली पॉन्सफोर्ड आणि किन्सेला यांनी डोक्याला मार लागलेल्यांवर हेच तपासलं, आणि बराचसा दोष मंदावलेल्या वेगाकडे निघाला.

माझा क्रम असा: पहिल्यांदा डिजिट स्पॅन, म्हणजे ऐकलेले अंक परत म्हणायचे, कारण ती छोटी आहे आणि पेन लागत नाही. अंक सेकंदाला एक, सपाट आवाजात सांगायचे. मोबाइल नंबर सांगतो तसे तुकड्यातुकड्याने सांगितलेत तर तुम्हीच पेशंटला मदत केलीत. मग फिंगर टॅपिंग, डिजिट सिम्बॉल, कलर ट्रेल्स. थोडी विश्रांती. डिजिट व्हिजिलन्स शेवटी, कारण ती लांब आणि कंटाळवाणी आहे, आणि तिथे कंटाळाच मोजायचा असतो. उजवा हात जायबंदी असेल तर सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज घ्या. ९० सेकंदांची ही टेस्ट तोंडी उत्तरं घेऊनही होते.

पासाट म्हणजे कानावर पडणाऱ्या प्रत्येक अंकाची त्याच्या लगेच आधीच्या अंकाशी बेरीज करत राहायची टेस्ट. ग्रॉनवॉलने १९७७ साली ती डोक्याच्या सौम्य दुखापतीतून सावरणाऱ्यांसाठी मांडली. टेस्ट चांगली आहे, पण छळवादीही आहे. गणिताची भीती असलेला माणूस तिच्यात घामाघूम होतो आणि उरलेलं सेशन वाया जातं. पहिल्या भेटीत मी ती घेत नाही. नोकरीवर परतणारा शिकलेला पेशंट बाकी सगळीकडे नॉर्मल येतो आणि तरी ‘जमत नाही’ म्हणतो, तिथे मात्र तिचा उपयोग होतो.

सूचना देताना

मॅन्युअलमधला मजकूर पाठ हवा, पण वाचल्यासारखा नको. कलर ट्रेल्सला असं सांगा: ‘काका, एकापासून सुरू करायचं, क्रमाने जोडत जायचं. पेन उचलायचं नाही. जमेल तेवढं पटापट, पण चुकू द्यायचं नाही.’ सराव पूर्ण कळेपर्यंत द्या, इथे घाई करू नका. खरी टेस्ट सुरू झाली की चूक लगेच दाखवा, ‘थांबा, परत या आकड्यावर’, आणि घड्याळ चालू ठेवा. चूक सुधारण्यात गेलेला वेळ स्कोअरमध्येच धरलेला असतो. ‘छान, छान’ म्हणत राहू नका. मधेच ‘किती झाले?’ असं विचारलं तर ‘चालू ठेवा, नंतर बोलू’.

सेकंद कुठे गेले?

समजा, दोन पेशंट आहेत: अपघातात सापडलेला, पस्तिशीचा, धारावीत शिवणकाम करणारा एक, आणि त्याच वयाचा, तितकाच शिकलेला, स्किझोफ्रेनिया असलेला दुसरा. कलर ट्रेल्सच्या दुसऱ्या भागाला दोघांनाही १९० सेकंद लागले. आकडा एकच आहे.

पहिल्याचा हात बघा. तो अडत नाही, चुकत नाही, पण प्रत्येक उडी सावकाश. मधेच कपाळ दाबतो. पहिल्या दहा आकड्यांना लागला त्याहून बराच जास्त वेळ शेवटच्या दहाला लागतो. हा सगळीकडे पसरलेला, सम प्रमाणात मंदावलेला वेग आहे, वर थकवा. (कपाळाच्या मागच्या भागाला मार असेल तर उलटंही दिसतं: हात भन्नाट पळतो, रंगाचा नियम मोडतो, आणि चूक दाखवली तर ‘हो हो, कळलं’ म्हणून पुन्हा तेच.)

दुसरा बारापर्यंत ठीक जातो. मग पेन हवेत थांबतं, नजर बाजूला जाते, ओठ किंचित हलतात. सात-आठ सेकंद तसेच. मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू. त्याच्या १९० सेकंदांत अशी तीन-चार मोठी छिद्रं आहेत. टेस्ट संपल्यावर शांतपणे विचारा, ‘मधे थांबलात तेव्हा काही ऐकू आलं का?’ बरेच जण सांगतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. काही जण असेही की आवाज नाही, काही नाही, पण नियमच हातातून निसटतो आणि ते पहिल्यापासून बोट फिरवत शोधत येतात.

यासाठी कागदाच्या कडेला दर तीस सेकंदांनी पेशंट कुठवर पोचला त्याची बारीक खूण करा आणि थांबण्यापाशी रेघ मारा. काही दिवसांत हाताला सवय होते. हा कागद शेवटच्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

डिजिट सिम्बॉल टेस्टमध्ये डोळे बघा. वर नऊ जोड्यांची किल्ली असते, खाली लांबच लांब ओळी. सुरुवातीला सगळेच दर चौकोनाला वर बघतात. निरोगी माणूस पुढे दोन-तीन जोड्या लक्षात ठेवतो आणि वर बघणं कमी होतं. स्किझोफ्रेनियात अनेकदा ते कमीच होत नाही, शेवटच्या ओळीतही प्रत्येक चिन्हासाठी नजर वर जाते. डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्किझोफ्रेनियात सर्वांत मोठी घट याच प्रकारच्या टेस्टवर दिसली. नजर, हात, लक्षात ठेवणं आणि युक्ती काढणं, सगळं एकाच वेळी लागतं, म्हणून ही टेस्ट एवढी पकडते. पण नेमकं म्हणूनच, एकट्या तिच्यावरून यातलं काय बिघडलंय ते सांगता येत नाही. टेस्टनंतर नुसती चिन्हं बघून उतरवायला द्या. त्यातही तेवढाच उशीर लागला तर दोष हाताकडे.

डिजिट व्हिजिलन्समध्ये एकूण वेळेबरोबर सुटलेले आणि चुकून खोडलेले अंक मोजा, तेही पानाचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे वेगळे. वरती दोन सुटले आणि खाली पंधरा, म्हणजे लक्ष टिकत नाही. सगळे एकाच बाजूचे सुटत असतील तर विषय वेगळा आहे: नजरेच्या क्षेत्राचा किंवा एका बाजूच्या दुर्लक्षाचा. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणि जिथे दावा किंवा भरपाई आहे, तिथे प्रयत्न किती मनापासून केला, हे तपासणाऱ्या टेस्ट घ्याव्याच लागतात. पडताळणीची टेस्ट घेतली म्हणजे आपण पेशंटला खोटारडा ठरवतोय, असं नाही. पण तीन अंकसुद्धा परत म्हणता न येणारा माणूस बाहेर मावशींशी गप्पा मारताना दिसतो, तेव्हा प्रश्न पडायला हवा. स्किझोफ्रेनियात मात्र कमी प्रयत्न हे आजाराचंच लक्षण असू शकतं, तिथे ‘नाटक करतोय’ असं लिहायच्या फंदात पडू नका.

नॉर्म्स आणि रिपोर्ट

स्कोअर काढताना वय आणि शिक्षणाचा गट दोनदा तपासा. निम्हान्सच्या नॉर्म्समध्ये १५व्या पर्सेंटाइलच्या खाली गेलेल्या, म्हणजे त्याच गटातल्या शंभरांपैकी तळाच्या पंधरांत बसणाऱ्या, स्कोअरला घट म्हणतात. पण बँकेत कॅशियर असलेला माणूस विसाव्या पर्सेंटाइलवर आला तर कागदावर तो ‘नॉर्मल’ असतो आणि काउंटरवर घसरलेला. आधी तो काय करत होता, ते शेजारी ठेवा. सरासरी सगळ्यांची असते, घसरण ज्याची त्याची.

रिपोर्टमध्ये आकडे तक्त्यात टाका. मजकुरात मात्र लिहा: ‘एका वेळी एक काम दिल्यास अचूक करतात, वेळ सुमारे दुप्पट लागतो, वीस मिनिटांनंतर चुका वाढतात.’ शिवणकाम करणाऱ्याच्या मालकाला हे कळतं, ‘मानसिक गती १५व्या पर्सेंटाइलखाली’ हे नाही कळत. रिक्षा पुन्हा चालवावी का, हा प्रश्न उपनगरात हमखास येतो. नुसत्या कागदावरच्या टेस्टवरून ‘हो’ लिहू नका. वेग स्पष्ट कमी असेल तर तसं लिहा, आणि नजर, फिट्स यांच्या तपासणीसह डॉक्टरांनी ठरवावं, असं सुचवा.

नातेवाइकांशी बोलताना ‘आळशी झालाय’ हा शब्द येतोच, दोन्ही आजारांत. त्यांना त्यांच्यासमोरच एक छोटं उदाहरण करून दाखवा: दोन सूचना एकदम दिल्या तर काय होतं आणि एकेक दिल्या तर काय होतं. आई स्वतः बघते तेव्हा फार समजवावं लागत नाही.

पुन्हा कधी?

सौम्य दुखापतीत तक्रारी बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत ओसरतात. मध्यम आणि गंभीर इजेत सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते आणि पुढेही हळूहळू चालू राहते. म्हणून आरंभी घेतलेल्या टेस्टवर कायमचा शिक्का मारायचा नाही, सहा महिने आणि वर्षाने पुन्हा बोलवायचं. स्किझोफ्रेनियात वेगाची घट पहिल्या भडक्याच्या वेळीच असते आणि आवाज कमी झाले तरी बऱ्यापैकी तशीच राहते. तिथे पुन्हा टेस्ट घ्यायची ती गोळी बदलल्यावर किंवा पुनर्वसनाचा कार्यक्रम झाल्यावर. दोन्हीकडे सराव झाल्यामुळे दुसऱ्या वेळी स्कोअर थोडा वर जातोच, म्हणून पर्यायी फॉर्म असेल तिथे तो वापरा.

मूळ कागद फाडू नका, फोटो काढून व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका. फाइलमध्ये ठेवताना वर चार गोष्टी लिहा: टेस्ट किती वाजता घेतली, शेवटची गोळी कधी घेतली होती, कोणत्या भाषेत सूचना दिल्या आणि कोणत्या हाताने लिहिलं. वर्षभराने तुमची बदली झालेली असेल. पुढच्या प्रशिक्षणार्थीला तुलना करायची असेल तेव्हा या चार ओळींशिवाय त्याच्या हाती काही नसेल.